सार्वजनिक वाहतुकीत रोख भाडे स्वीकारणे कायद्याने बंधनकारक असावे का?

प्रश्न : वाटसरू

नमस्कार. मी एका बससेवेच्या प्रवासी सल्लागार समितीचा सदस्य आहे. सेवा चालवणाऱ्या संस्थेने बसमध्ये रोख भाडे घेणे पूर्णपणे थांबवण्याचा प्रस्ताव समितीपुढे ठेवला असून त्यावर आमचे लेखी मत मागितले आहे. प्रस्तावात दिलेली कारणे मला निराधार वाटत नाहीत. रोख देणारे प्रवासी दरवर्षी कमी होत आहेत, पण रोकड गोळा करण्याचा, मोजण्याचा आणि बँकेत पोहोचवण्याचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. चालकाजवळ पैसे असले की त्याच्यावर हल्ला होण्याचा धोका राहतो. शिवाय सुट्या पैशांच्या देवाणघेवाणीत थांब्यावर वेळ जातो. हे सगळे वाचून मी प्रथम संमती द्यायच्या विचारात होतो.

माझे मत डळमळले ते एका प्रसंगामुळे. दोन मार्गांवर हा बदल प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला आहे आणि त्यांतील एका बसमध्ये मी बसलो होतो. एक वृद्ध गृहस्थ चढले. भाड्याची नेमकी रक्कम त्यांच्या हातात मोजून तयार होती. चालकाने अतिशय नम्रपणे सांगितले की रोख घेता येत नाही, कार्ड किंवा फोन हवा. गृहस्थांकडे दोन्ही नव्हते. त्यांनी पैसे पुन्हा पुढे केले, चालकाने पुन्हा क्षमा मागितली, आणि ते खाली उतरले. चालकाचे काही चुकले नाही, कारण त्याला तसाच आदेश होता. बस पुढे निघाल्यावर माझ्या लक्षात आले की त्यांचे भाडे मी माझ्या कार्डावरून भरू शकलो असतो. तेवढ्या वेळात ते सुचले नाही याचे वाईट वाटते, पण त्याहून अधिक हे खटकते की खिशात पैसे असलेल्या माणसाला प्रवास करता यावा यासाठी शेजारच्याला काहीतरी सुचावे लागते.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्यांवर रोख स्वीकारण्याचे बंधन असावे का? आणि असावे, तर ते प्रत्येक बसच्या दारात असावे की एकूण सेवेत कुठेतरी रोख चालली म्हणजे पुरेसे आहे? ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे किंवा ज्यांना कायद्याची बाजू ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : जुना चालक

मी आधी अनेक वर्षे बस चालवली आणि नंतर आगाराच्या रोकड विभागात काम केले, म्हणून दुसरी बाजू थोडी विस्ताराने मांडतो. रोख रक्कम प्रवाशाच्या हातातून चालकाच्या हातात गेली की व्यवहार संपला असे बाहेरून दिसते. प्रत्यक्षात तिथून कामाला सुरुवात होते. पाळी संपल्यावर चालकाने किंवा वाहकाने तिकिटांचा हिशेब आणि रोकड जुळवायची, तूट आली तर बहुतेक ठिकाणी ती स्वतःच्या खिशातून भरायची, नाण्यांच्या जड पिशव्या तिजोरीत उतरवायच्या, फाटक्या नोटा वेगळ्या काढायच्या, मग पहाऱ्यात ती रक्कम बँकेत पाठवायची. शंभरातले पन्नास प्रवासी रोख देत असोत की दोन, तिजोरी, मोजणीची यंत्रे, पहारा आणि माणसे ही सगळी व्यवस्था उभी ठेवावीच लागते. तुमच्या प्रस्तावातील खर्चाचा मुद्दा मला म्हणूनच खरा वाटतो.

लंडनचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. तेथील बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख भाडे घेणे बंद झाले. त्या वेळी बसच्या एकूण प्रवासांपैकी जेमतेम १ टक्का प्रवासांचे भाडे रोख येत होते. २००० साली हेच प्रमाण सुमारे २५ टक्के होते. या बदलातून वर्षाला २ कोटी ४० लाख पौंड वाचतील असा तेथील वाहतूक प्राधिकरणाचा अंदाज होता. इतकी रक्कम फेऱ्या वाढवण्यासाठी वापरता आली, तर त्याचा लाभ गरीब प्रवाशालाही होतो, हे विसरता येणार नाही.

पैशांपेक्षा मला चालकाच्या जिवाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेत १९६० च्या दशकात बसचालकांना लुटण्याचे प्रकार इतके वाढले की १९६८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका चालकाचा खून झाल्यावर तेथे चालकाने सुटे पैसे परत देणे बंद करण्यात आले, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. प्रवाशाने नेमके भाडे बंद पेटीत टाकायचे आणि पेटीची किल्ली चालकाकडे नसायची, अशी ती पद्धत. स्वीडनमध्येही बसमधून रोख हद्दपार होण्यामागे चालकांवरील हल्ले हे मोठे कारण होते. जे लोक सहजपणे म्हणतात की रोख घ्यायला काय हरकत आहे, त्यांनी रात्रीच्या शेवटच्या फेरीला रिकाम्या बसमध्ये रोकड घेऊन बसलेल्या माणसाचा विचार करावा. मी ती रात्र अनुभवलेली आहे.

तरीही वॉशिंग्टनच्या त्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. तेथे रोख बंद झाली नाही. चालकाच्या हातातली रोख तेवढी बंद झाली. हा फरक तुमच्या समितीने नीट पाहावा.

वेळेच्या मुद्द्याविषयी थोडेसे. वाहतूक नियोजनात वापरल्या जाणाऱ्या एका प्रमाणित अमेरिकी पुस्तिकेनुसार नेमके पैसे पेटीत टाकणाऱ्या प्रवाशाला चढताना सरासरी साडेचार सेकंद लागतात, तर स्मार्टकार्ड टेकवणाऱ्याला सुमारे पावणेतीन. फरक पावणेदोन सेकंदांचा झाला. एका फेरीत चाळीस जण रोख देणारे असतील तर सत्तर सेकंद जातात. सुटे परत द्यायचे असतील तर त्याहून जास्त.

उत्तर २ : कलमे वाचणारा

कायद्याच्या बाजूने लिहितो, कारण या विषयात एक गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे. नोटेला कायदेशीर चलनाचा दर्जा आहे, म्हणून ती कोणीही नाकारू शकत नाही, असे बहुतेकांना वाटते. अनेक देशांत कायदेशीर चलनाचा अर्थ याहून मर्यादित आहे. आधीच अस्तित्वात असलेले देणे फेडण्यासाठी ते चलन पुढे केले, तर धनको ते नाकारून नंतर देणे थकले अशी तक्रार करू शकत नाही, इतकाच तो अर्थ. बसमध्ये चढणारा प्रवासी मात्र अजून देणेकरी झालेला नसतो. तो करार करायला आलेला असतो, आणि कराराच्या अटी, त्यात पैसे कोणत्या रूपात घेणार हीसुद्धा, पुरवठादार आधी जाहीर करू शकतो. अमेरिकेच्या अर्थखात्याने ही बाब समजावताना उदाहरण दिले होते तेही बसचेच. बससेवा एक सेंटची नाणी किंवा डॉलरच्या नोटा भाड्यापोटी घ्यायला नकार देऊ शकते, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

म्हणजे केवळ चलनाच्या कायद्यावर विसंबून तुमच्या समितीला काही मिळणार नाही. बंधन हवे असेल तर ते वेगळ्या तरतुदीने घालावे लागेल. अशा तरतुदी झालेल्या आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात किरकोळ विक्रेत्यांनी रोख देणाऱ्या ग्राहकाशी भेदभाव करू नये असा कायदा १९७८ पासून आहे, आणि २०१९ मध्ये तेथीलच फिलाडेल्फिया शहराने तशाच आशयाचा नियम केला. नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाचा रोख देण्याचा हक्क अधिक स्पष्ट केला, व्यवहाराला २० हजार क्रोनरची मर्यादा घातली, आणि विक्रीयंत्रे व कर्मचारी नसलेली विक्रीस्थळे वगळली. या कायद्यांचा भर दुकानांवर आहे. चालती बस हे विक्रीस्थळ मानायचे का, आणि तिकीटयंत्र बसवलेले निर्मनुष्य स्थानक त्या अपवादात जाते का, हे प्रश्न मसुदा लिहिणाऱ्याने स्पष्ट शब्दांत सोडवले नाहीत तर सेवाचालक त्यांचा अर्थ आपल्या सोयीने लावणार.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा निवाडा मला युरोपीय संघाच्या न्यायालयाचा वाटतो. जर्मनीतील एका सार्वजनिक प्रसारण संस्थेने प्रसारण शुल्क रोख स्वीकारायला नकार दिला होता. त्यावर २६ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने सांगितले की युरोच्या नोटांना कायदेशीर चलनाचा दर्जा असल्यामुळे त्या स्वीकारण्याचे बंधन तत्त्वतः आहे. सार्वजनिक हितासाठी सदस्य राष्ट्र त्याला मर्यादा घालू शकते, आणि असंख्य लोकांकडून शुल्क गोळा करण्याचा खर्च आटोक्यात ठेवणे हे असे कारण ठरू शकते. मात्र ती मर्यादा उद्दिष्टाच्या प्रमाणात असली पाहिजे, आणि ज्यांना पर्यायी साधने सहज उपलब्ध नाहीत त्यांचे काय, हे तपासले गेले पाहिजे. हा निवाडा प्रसारण शुल्काबाबतचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा बसला लागू होतो असा दावा मी करत नाही. पण खर्च वाचवणे हे योग्य कारण आहे आणि तरीही ते एकटे पुरेसे नाही, ही विचाराची रीत तुमच्या समितीने जरूर घ्यावी.

आणखी एक मुद्दा, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही. रोख नाकारल्यामुळे एखादा प्रवासी तिकिटाविना गाडीत राहिला आणि तपासनीसाने त्याला दंड केला, तर तो दंड हे मात्र निर्माण झालेले देणे आहे. तिथे कायदेशीर चलनाचा युक्तिवाद पुन्हा उभा राहतो. भाडे देताना ज्याची नोट चालत नव्हती त्याची तीच नोट दंड भरताना चालू लागावी, ही स्थिती मला कायद्याच्या दृष्टीने लाजिरवाणी वाटते. दंडाच्या नियमांत निदान इतके तरी लिहून घ्या, की ज्याने रोख भाडे देऊ केले होते आणि ते नाकारले गेले, त्याच्यावर विनातिकीट प्रवासाचा ठपका येणार नाही.

उत्तर ३ : निवारा केंद्रातून

मी बेघरांसाठी आणि घर सोडून आलेल्या स्त्रियांसाठी चालणाऱ्या एका निवारा केंद्रात काम करते. वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली, विशेषतः चालकाच्या जिवाविषयीचे म्हणणे, आणि त्याला माझा विरोध नाही. परंतु रोख देणारा प्रवासी नेमका कोण आहे, याविषयी या चर्चेत अजून कोणी लिहिलेले नाही.

जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीनुसार जगातील सुमारे १४० कोटी प्रौढांचे बँकेत किंवा मोबाइल पैशांच्या सेवेत खातेच नव्हते. हा आकडा मोठा आहे, पण माझ्यासमोर येणाऱ्या व्यक्तींचे प्रश्न त्यातही पूर्ण मावत नाहीत. खाते आहे पण कार्ड नवऱ्याकडे आहे, अशी स्त्री असते. कार्ड स्वतःकडे आहे, पण खात्याचा तपशील घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर उमटतो, अशीही असते. ती कोणत्या वेळी कोणत्या मार्गाच्या बसमध्ये चढली हे त्या तपशिलातून कळू शकते, आणि ते कळणे तिच्यासाठी धोक्याचे आहे. आमच्याकडे पोहोचलेल्या कितीतरी जणी मुठीत धरलेल्या थोड्याशा रोख पैशांवर आलेल्या आहेत. त्या दिवशी चालकाने रोख नाकारली असती तर त्या कुठे गेल्या असत्या, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारते.

मग आगाऊ पैसे भरायचे कार्ड घ्या, असे सांगितले जाते. या कार्डाला बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम किंवा विक्रीची किंमत असते आणि त्यात किमान किती पैसे भरायचे याची मर्यादा असते. ज्याच्याकडे आज एकाच प्रवासापुरते पैसे आहेत, त्याला उद्याच्या आणि परवाच्या प्रवासाचे पैसे आज भरायला सांगणे म्हणजे त्याला नकार देणेच आहे. दिवसभरात ठराविक रकमेच्या पुढे भाडे आकारायचे नाही ही कमाल भाड्याची सवलतही जवळजवळ नेहमी कार्डधारकालाच मिळते, कारण प्रवासांची बेरीज करायला यंत्राला ओळख लागते. त्यामुळे सुटी तिकिटे घेणारा गरीब माणूस त्याच प्रवासांसाठी अधिक पैसे मोजतो. अमेरिकेत केंद्रीय अनुदान घेणाऱ्या मोठ्या वाहतूक संस्थांना भाड्यात बदल करण्यापूर्वी त्याचा अल्पसंख्य वंशगटांवर आणि कमी उत्पन्नाच्या लोकांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास करावा लागतो. तुमच्या समितीने असा अभ्यास मागितला आहे का?

दृष्टिहीन प्रवाशांविषयीही लिहायला हवे. अनेक देशांत नोटा आणि नाणी आकाराने, कडांनी, स्पर्शाने ओळखता येतात. पडद्यावरची बटणे असलेले यंत्र, ज्याला आवाजाची जोड नाही, त्यांच्यासाठी भिंतीसारखे असते. वृद्धांचेही तेच. तुम्ही पाहिलेल्या गृहस्थांनी पैसे मोजून हातात तयार ठेवले होते. आपल्यामुळे बस खोळंबू नये एवढी काळजी त्यांनी घेतली होती, आणि तरीही त्यांना उतरावे लागले.

शेवटी, प्रस्तावातील दोन कारणे एकमेकांना छेद देतात असे मला वाटते. रोख देणारे फार थोडे उरले आहेत हे खरे असेल, तर त्यांच्यामुळे बसला उशीर होतो हे तितकेसे खरे असू शकत नाही. जुन्या चालकांनी दिलेल्या हिशेबानेच पाहा. फेरीत दोघेच रोख देणारे असतील तर जाणारा वेळ साडेतीन सेकंदांचा आहे.

उत्तर ४ : तिकीटयंत्रांचा तंत्रज्ञ

मी तिकीटयंत्रांच्या देखभालीचे काम करतो, तेव्हा तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. बसमध्ये बँकेचे कार्ड टेकवले की त्या क्षणी बँकेला विचारणा होते असे प्रवाशांना वाटते. अनेक सेवांमध्ये तसे होत नाही, कारण धावत्या बसमध्ये मोबाइलचे जाळे नेहमी मिळत नाही आणि दारात थांबायला वेळ नसतो. यंत्र कार्ड खरे आहे का ते स्वतःच तपासते, नाकारलेल्या कार्डांची आपल्याकडची यादी पाहते आणि दार मोकळे करते. पैशांची वसुली नंतर, बहुधा दिवसभराचे प्रवास एकत्र करून होते. खात्यात पैसे नसतील तर पहिल्या प्रवासाचे नुकसान अनेक ठिकाणी सेवाचालक सोसतो. म्हणजे कार्डधारकावर एका प्रवासापुरता विश्वास टाकण्याची सोय या व्यवस्थेत आधीपासूनच आहे. लंडनने रोख बंद करताना आपल्या ऑयस्टर कार्डातही अशी सोय केली होती. शिल्लक भाड्यापेक्षा कमी असली तरी आणखी एक प्रवास करता येतो आणि फरक पुढच्या भरण्यातून वळता होतो. हाच विश्वास कार्ड नसलेल्या माणसावर का टाकू नये, याला तांत्रिक उत्तर नाही. तो धोरणाचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट बिघाडाची. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात एका मोठ्या दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळले आणि देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार अडले. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा अनेक ठिकाणी कार्डयंत्रे बंद पडली आणि तिथे ज्यांच्या खिशात रोख होती त्यांचीच खरेदी होऊ शकली. रोखीचा वापर जगात सर्वांत झपाट्याने घटलेल्या देशांपैकी एक असलेल्या स्वीडनने नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघरी पाठवलेल्या आपत्कालीन पुस्तिकेत नागरिकांना काही रोख रक्कम जवळ ठेवायला सांगितले आहे. संकटात लोकांना हलवायचे असते ते बसनेच. म्हणून बसने रोख हाताळण्याची क्षमता पूर्णपणे मोडीत काढणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

निवारा केंद्रातील ताईंनी माग लागण्याविषयी लिहिले आहे, त्याला एक पुरावा जोडतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात मायकी या वाहतूक कार्डाच्या सुमारे १ कोटी ५१ लाख कार्डांचा प्रवास-तपशील नावे काढून २०१८ मध्ये एका स्पर्धेसाठी देण्यात आला. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की स्वतःच्या एक-दोन प्रवासांच्या वेळा माहीत असल्या तर त्या ढिगातून आपले कार्ड शोधता येते आणि मग सोबत प्रवास केलेल्या ओळखीच्या माणसाचेही. नाव नसलेला प्रवास-तपशीलही माणसाची ओळख सांगतो. हाँगकाँगमध्ये जून २०१९ मध्ये निदर्शकांनी ऑक्टोपस हे तेथील प्रवासाचे कार्ड बाजूला ठेवून मेट्रोची सुटी तिकिटे रोखीने घेण्यासाठी रांगा लावल्या, त्या याच भीतीने.

वाटसरू (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वाचता वाचता माझ्या लक्षात आले की मी प्रश्नच थोडा चुकीचा मांडला होता. बसच्या दारातली रोख आणि सेवेतली रोख या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी लिहिले होते, पण त्या दोहोंच्या मधे बंद पेटीचा तिसरा पर्याय आहे, हे जुन्या चालकांच्या उत्तरावरून कळले.

माझा कल आता असा होत आहे. बंधन असावे, आणि ते चालकावर नसून सेवाचालक संस्थेवर असावे. रोख घेऊन आलेल्या कोणत्याही प्रवाशाला, अनामत किंवा किमान भरण्याच्या अटीशिवाय, त्याच दिवशी, त्याच थांब्यावरून प्रवास करता आला पाहिजे. तो कसा, हे संस्थेने ठरवावे. पेटी ठेवावी, थांब्याजवळ यंत्र ठेवावे किंवा आसपासच्या विक्रेत्यांना तिकिटे द्यावीत. बर्लिनच्या बससेवेने सप्टेंबर २०२१ पासून चालकाकडची रोख विक्री थांबवली, तेव्हा विक्रीकेंद्रांत रोखीने भरता येणारे, नाव न विचारणारे कार्ड आणले होते, असे मला शोधताना आढळले.

पण यात एक फट राहते आणि ती मला बुजवता येत नाही. रात्री उशिरा, जवळपासचे विक्रेते बंद असताना, यंत्र नसलेल्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचे काय करायचे? चालकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न सर्वांत तीव्र त्याच वेळी असतो आणि प्रवाशाची गरजही त्याच वेळी.

जुना चालक

तुमची फट खरी आहे. माझ्या मते त्या वेळी पैशांचा आग्रहच सोडावा. चालकाने त्या प्रवाशाला बसवून घ्यावे आणि पुढे पैसे कुठे भरायचे याची चिठ्ठी यंत्रातून काढून द्यावी. काही जण ते पैसे कधीच भरणार नाहीत. तेवढा तोटा रोकड व्यवस्था चालवण्याच्या खर्चापुढे किरकोळ असेल, असे मी रोकड विभागातल्या अनुभवावरून सांगतो. लंडननेही रोख बंद करताना असहाय प्रवाशाला रस्त्यावर सोडू नये अशा सूचना चालकांना दिल्या होत्या. मात्र ती सूचना लेखी आणि सर्वांना माहीत असलेली हवी. चालकाच्या दयेवर सोडले, तर दयाळू चालकाला वरिष्ठांचा जाब येतो आणि नियमाने वागणाऱ्याला प्रवाशाचे शिव्याशाप. मी दोन्ही झेलले आहेत.

दुसरे असे की बंद पेटीचा पर्याय सोपा वाटतो, पण पेटी रिकामी करण्याचा, मोजण्याचा खर्च तसाच राहतो. म्हणून पेटी सर्व मार्गांवर न मागता, जिथे विक्रेते आणि यंत्रे विरळ आहेत अशा मार्गांवर मागा. संस्था त्याला तयार होण्याची शक्यता अधिक आहे.

कलमे वाचणारा

वाटसरू यांच्या मसुद्यात ‘आसपासच्या’ हा शब्द आहे, तो बदला. कायद्यात असे शब्द ठेवले की प्रत्येक जण त्याचे अंतर आपल्या परीने मोजतो. पायी किती अंतरावर, आणि सेवेच्या पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत उघडे, असे आकड्यांत लिहा. आणि बंधन मोडल्यास परिणाम काय, तेही लिहा. परिणाम नसलेले बंधन ही विनंती असते.

निवारा केंद्रातून

मला या मसुद्यात एकच भर हवी आहे. कार्ड देताना नाव, फोन किंवा ओळखपत्र मागायचे नाही, हे स्पष्ट लिहावे. रोखीने घेतलेले कार्ड ओळखपत्राशी जोडले गेले, तर ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे त्यांच्यातल्या काही जणींना त्याचा उपयोग उरणार नाही.

एक विचारायचे राहिले. प्रायोगिक मार्गांवर आतापर्यंत किती जणांना असे उतरावे लागले, याचा आकडा समितीला दिला आहे का?

वाटसरू (प्रश्नकर्ता)

दिलेला नाही. मी आज सकाळी संस्थेकडे चौकशी केली. किती भाडी कार्डावर आली, किती फोनवर आली याचे तक्ते त्यांच्याकडे आहेत, पण ज्यांना चढू दिले नाही त्यांची नोंद कुठेच होत नाही, कारण तिकीट निघाले नाही तर यंत्रात काही उमटत नाही. नऊ आठवड्यांच्या प्रयोगाचा यशस्वी अहवाल तयार झाला आहे आणि त्या अहवालात ते वृद्ध गृहस्थ नाहीत. ही नोंद ठेवायची तर कशी, हे तंत्रज्ञांनी सांगितले तर मी पुढच्या बैठकीत तीच पहिली मागणी ठेवीन आणि तोपर्यंत मत देणार नाही.

तिकीटयंत्रांचा तंत्रज्ञ

अवघड नाही. बहुतेक यंत्रांत चालकाच्या बाजूला वापरात नसलेली एक-दोन बटणे असतात. त्यांपैकी एकाला ‘रोख नाकारली’ अशी नोंद जोडता येते. चालकाने ते दाबले की मार्ग, थांबा आणि वेळ आपोआप साठते, प्रवाशाविषयी काहीही साठत नाही. आज्ञावलीतला हा बदल काही दिवसांचे काम आहे. चालकांना मात्र आधी लेखी कळवा की या नोंदीवरून त्यांच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही. नाहीतर ते बटण कोणी दाबणार नाही.